एमएस असलेल्या पेशंटला खेड्यात घरच्या घरी व्यायाम कसा बसवून द्यायचा? (अलाबामा)

वैनगंगा:
नमस्कार मंडळी, मी फिजिओ, मूळ नागपूरची, आता अमेरिकेत अलाबामात ब्लॅक बेल्ट म्हणतात त्या पट्ट्यात घरोघरी जाऊन पेशंट बघते. नाव मातीवरून पडलंय, आपल्याकडच्यासारखीच काळी कापसाची जमीन, आणि ज्या गुलामांनी तो कापूस पिकवला त्यांचे वंशज आजही इथेच राहतात.

सध्या एक ४६ वर्षांची काळी बाई आहे, मल्टिपल स्क्लेरोसिस (एमएस), म्हणजे मेंदू आणि मज्जारज्जूतल्या नसांवरचं आवरण खराब होतं तो आजार. डावा पाय ओढत चालते, दुपारपर्यंत अंगातलं सगळं बळ संपतं. न्यूरोलॉजिस्ट बर्मिंगहमला, गाडीने दोन तासांच्या वर. जवळ जिम नाही, रस्त्याला फुटपाथ नाही, मोकाट कुत्री, आणि इंटरनेट असं की व्हिडिओ कॉल मधेच अडकतो. एका दवाखान्यातून तिला व्यायामाचा छापील कागद मिळाला, त्यावर ट्रेडमिल आणि स्विमिंग पूल! तो तिने फ्रिजवर लावून ठेवलाय, त्यातलं एकही करता येत नाही तरी. बघून जीव तुटला माझा.

तिची आई म्हणते पडून राहा, व्यायामाने दुखणं वाढेल. माझ्या व्हिजिट मोजक्याच मंजूर आहेत, नंतर तिचं तिलाच करायचंय. कोणी असं बसवून दिलंय का? काय टिकतं?

जुना_फिजिओ:
आईला दोष देऊ नका, हा सल्ला एकेकाळी डॉक्टरच द्यायचे. १९९६ साली युटा विद्यापीठात एमएसच्या पेशंटकडून १५ आठवडे एरोबिक (श्वास आणि ठोके वाढवणारा) व्यायाम करून घेतला आणि ताकद, दमसास दोन्ही सुधारलं, तिथून मत बदलत गेलं. तुमच्याच बर्मिंगहमच्या विद्यापीठात रॉबर्ट मोटल होते, त्यांनी घरच्या व्यायामावर खूप काम केलंय, १६ आठवडे, पावलं मोजायचं यंत्र, ताणून व्यायाम करायचे रबर बँड, आणि लांबून कोणीतरी विचारपूस करणारं.

कमी ते मध्यम त्रास असलेल्यांसाठी आठवड्यातून दोनदा ३० मिनिटं एरोबिक आणि दोनदा ताकदीचा व्यायाम असं धरतात, पण ते गाठायचं शेवटी, सुरुवात १० मिनिटांपासून करा, तीही तुकड्या तुकड्याने. खुर्ची भिंतीला टेकवून उठ-बस, सिंकचा कठडा धरून टाचा उचलणं, बसल्या बसल्या गुडघे वर घेत चालल्यासारखं करणं. मधे एक-दोन मिनिटं विश्रांती हवीच. वेग किती? बोलता आलं पाहिजे, गाता येऊ नये.

तुळशीवृंदावन_अमरावती:
मी फिजिओ नाही, मला स्वतःला एमएस आहे. उन्हाबद्दल कोणी बोललं नाही म्हणून लिहिते. अंग तापलं की माझं दिसणं धूसर होतं, पाय लाकडासारखे होतात, पहिल्यांदा झालं तेव्हा वाटलं संपलं सगळं. याला उथॉफ म्हणतात, अंग थंड झालं की उतरतं, इजा होत नाही. पण हे आधी कोणी सांगितलं नाही तर माणूस घाबरून व्यायाम कायमचा सोडतो, मी दोन वर्षं सोडला होता. तिला पहाटे करायला सांगा, समोर पंखा, मानेवर ओला टॉवेल, आधी गार पाणी. आणि त्रास २४ तासांवर टिकला किंवा नवंच काही सुरू झालं तर डॉक्टरला फोन, आधी ताप नाहीतर लघवीचं इन्फेक्शन नाही ना बघायचं.

अटलांटाकर:
ताई, एक गोष्ट व्यायामाच्याही आधीची. बरीच वर्षं एमएस म्हणजे गोऱ्यांचा आजार असंच समजत होते, २०१३ मध्ये कॅलिफोर्नियातल्या अभ्यासात दिसलं की काळ्या बायकांमध्ये त्याचं प्रमाण गोऱ्या बायकांपेक्षा जास्त आहे. त्यामुळे "तुला हा नसणारच" ऐकत निदान उशिरा झालेल्या बायका मी पाहिल्यात. त्यात टस्कीगीचा तो प्रयोग तुमच्याच राज्यातला, १९३२ ते १९७२, सिफिलिस झालेल्या काळ्या पुरुषांना सरकारी आरोग्य खात्याने उपचार न देता नुसतं बघत ठेवलं, पेनिसिलिन आल्यावरसुद्धा. ते इथल्या घराघरात माहीत आहे. म्हणून कागद देऊन निघू नका, तिच्याजवळ बसा, का करायचं ते सांगा, आईलाही सोबत घ्या. आणि चर्च! फोनवर विचारपूस करणारं माणूस तिथे मिळेल, इंटरनेट लागत नाही त्याला.

वैनगंगा:
सगळ्यांचे मनापासून आभार. काल सकाळी सहाला गेले. खुर्ची भिंतीला, पंखा समोर, आईला शेजारी बसवलं आणि १९९६ च्या आधी डॉक्टरही तेच म्हणायचे हे सांगितलं तेव्हा त्या पहिल्यांदा माझ्याकडे वळून बसल्या. उठ-बस सहा झाल्या, सातव्याला डावा गुडघा थरथरला, तिथेच थांबवलं. गाण्याची खूण तर तिला फार आवडली, ती चर्चच्या क्वायरमध्ये गायची, टाचा उचलताना एक अख्खं कडवं म्हणून बघितलं आणि स्वतःच म्हणाली, अजून जोर लावायला हवा. क्वायरमधली मैत्रीण मंगळवार-शुक्रवार फोन करणार आहे, फोन स्पीकरवर ठेवून दोघी मिळून करतील. फ्रिजवर आता तिच्या हातचा कागद आहे.

गुरुवारी परत जातेय, रबर बँड कुठे अडकवायचा ते बघायचंय, तिच्या दाराची कडी सैल आहे.