अमेरिकेतल्या कॉलेजांना अर्जासोबत न मागितलेलं काही पाठवावं का?

नौपाड्याची_आई
लेक बारावी सायन्सला आहे. अमेरिकेतली सात आणि यूकेतली चार कॉलेजं ठरवली आहेत. अमेरिकेची पहिली मुदत १ नोव्हेंबर. काउन्सेलर लावलेला नाही, फी ऐकूनच परत आलो.
घरात वाद पेटलाय. यजमान म्हणतात, "मागितलं नाही म्हणून काय झालं? पाठवून तर देऊ." त्यांनी चाळीस कप्प्यांची फाइल तयार केलीये. एलिमेंटरी, इंटरमिजिएट, होमी भाभा, तबल्याची मध्यमा पूर्ण, आणि सहावीतलं हस्ताक्षर स्पर्धेचं उत्तेजनार्थसुद्धा. सगळं लॅमिनेट! शिवाय दिरांच्या ओळखीने एका आमदारांचं शिफारसपत्र मिळतंय. लेक म्हणते, यातलं काहीही पाठवलंत तर मी अर्जच भरणार नाही.
कुणी यातून गेलंय का?

खारघरचा_बाबा
गेलोय. आणि तुमच्या यजमानांच्याच बाजूने गेलोय.
मुलाच्या वेळी मी २२ पानांची पीडीएफ करून एका कॉलेजच्या अ‍ॅडमिशन ऑफिसला थेट मेल केली. तीन ओळींचं सभ्य उत्तर आलं, की हे अर्जाला जोडता येणार नाही. त्याचं काही नाही. पण त्या पीडीएफच्या नादात कॉमन अ‍ॅपमधली (बऱ्याच अमेरिकन कॉलेजांसाठी चालणारा एकच ऑनलाइन अर्ज) अ‍ॅक्टिव्हिटींची यादी शेवटच्या रात्री भरली गेली. तिथे दहाच नोंदी करता येतात आणि वर्णनाला प्रत्येकी १५० अक्षरं, स्पेस धरून. पोराने लिहिलं, 'सोसायटीतल्या मुलांना गणित शिकवलं'. वॉचमनच्या दोन मुलांना हा तीन वर्षं पार्किंगमध्ये खडूने अपूर्णांक शिकवत होता, त्यातलं एक अक्षर नाही. अजून हळहळतो मी.
फाइल कपाटात ठेवा. ऑनर्सचे, म्हणजे बक्षिसं-सन्मानांचे, पाच रकाने वेगळे असतात, होमी भाभाला काही मिळालं असेल तर ते तिथे. उत्तेजनार्थ फ्रेम करून हॉलमध्ये लावा.

ठाणे_ते_बोस्टन
काकू, मी सध्या तिकडेच शिकतोय. सरसकट 'हो' किंवा 'नाही' असं उत्तर नाहीये. प्रत्येक कॉलेजच्या अ‍ॅडमिशनच्या पानावर लिहिलेलं असतं, ते सातही ठिकाणी जाऊन वाचा. एमआयटी संगीत, चित्रकला, संशोधन, स्वतः बनवलेल्या वस्तू, यांचे पोर्टफोलिओ, म्हणजे कामाचे नमुने, ऐच्छिक म्हणून स्लाइडरूम या वेबसाइटवर घेते. उलट युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्नियाला अर्जासोबत शिफारसपत्रंसुद्धा नको असतात, एखाद्या कॅम्पसने स्वतःहून मागितली तरच. 'नको' लिहिलेलं असताना पाठवलं तर एवढंच दिसतं की सूचना वाचलेली नाही.
आमदारांचं सांगतो. कॉमन अ‍ॅपमध्ये शिक्षकांखेरीज 'अदर रेकमेंडर' असा प्रकार असतो आणि असे किती चालतील ते प्रत्येक कॉलेज ठरवतं. काही ठिकाणी शून्य. जिथे एक चालतो तिथेही ती जागा, लेकीला खरंच ओळखणाऱ्या माणसाला द्या. आमदार लिहून लिहून काय लिहिणार? 'होतकरू विद्यार्थिनी आहे'.
यूकेचा तर प्रश्नच नाही. यूकासमध्ये, म्हणजे तिथल्या एकत्रित ऑनलाइन अर्जात, पर्सनल स्टेटमेंटचे तीन प्रश्न, मिळून ४००० अक्षरं, आणि एक रेफरन्स. फाइल घुसवायला फटच नाही.

नौपाड्याची_आई
आमदार बाद. दिरांना कसं सांगायचं याचा वेगळा धागा काढते.
पण तबला? मध्यमा पूर्ण म्हणजे काय ते तिकडच्यांना कसं कळणार?

ठाणे_ते_बोस्टन
नाही कळणार, आणि बिघडत नाही. फॉर्ममध्ये आठवड्याला किती तास आणि वर्षातले किती आठवडे हे विचारतातच. आठ वर्षं रोज तास-दीड तास, हे कुणालाही कळतं.

घंटाळीचा_लहेरा
तबला शिकवतो, म्हणून बोलतो. जिथे संगीताचा पोर्टफोलिओ घेतात तिथे जरूर पाठवा. प्रमाणपत्रावर श्रेणी दिसते, हात दिसत नाही. पण वार्षिक समारंभाचं रेकॉर्डिंग नको, त्यात अर्धा वेळ निवेदिकाच बोलत असते.
घरीच करा. मोबाइल स्टँडवर, दोन्ही हात आणि दोन्ही पुड्या दिसतील इतका वर. लहेरा, म्हणजे साथीची फिरती धून, हार्मोनियमवर, नाहीतर अ‍ॅपवर, पण हळू आवाजात. तीनतालात सुरुवातीचा संथ पेशकार थोडा, एक कायदा (ठरलेल्या बोलांची रचना) पलट्यांसकट, म्हणजे त्याच्या फेरफारांसकट, शेवटी जलद रेला. मध्ये एकदा कायद्याचे बोल तोंडाने म्हणायला सांगा आणि लगेच तेच वाजवायला. ज्याने जन्मात तबला ऐकला नाही त्यालाही तिथे समजतं की पोरगी काय करतेय. ऐकणारा सगळं ऐकेलच असं नाही, म्हणून सर्वांत स्वच्छ तुकडा आधी. वेळेची मर्यादा ज्या त्या कॉलेजची बघा. आणि घरी असलेले सगळे व्हिडिओ नकोत, एकच.

नौपाड्याची_आई
लेकीला वाचून दाखवलं, पहिल्यांदाच 'बरं' म्हणाली. नवरात्रात संध्याकाळी आमच्या गल्लीत काही ऐकू येत नाही, म्हणून रविवारी सकाळी साडेसहाला रेकॉर्डिंग. यजमानांना स्टँड धरायचं काम दिलंय.

खारघरचा_बाबा
तेवढा वेळ कुकर लावू नका.