किती व्हॉइस ते नंतर. ते वाटले कसे जातात?

काळी_दोन, सदाशिव पेठ
सिंथ (सिंथेसायझर) घ्यायला निघालेला प्रत्येक जण आधी विचारतो, "व्हॉइस किती?" व्हॉइस म्हणजे सिंथमधला एका वेळी एकच आवाज काढणारा भाग. माझ्या मते पहिला प्रश्न वेगळा हवा: दाबलेली पट्टी कोणत्या व्हॉइसकडे जाते?

परवा भावगीताची तयारी करत होतो. पाच व्हॉइसचा सिंथ, पोर्टामेंटो (एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाण्याची सोय) चालू. सा रे ग म प वाजवले आणि मग ध. धैवताला मींड पंचमावरून यायला हवी होती, ती आली थेट षड्जावरून! कारण हा सिंथ व्हॉइस फिरत्या क्रमाने वाटतो. सहावा सूर पुन्हा पहिल्या व्हॉइसकडे गेला आणि त्याने शेवटचा वाजवला होता सा. प्रत्येक व्हॉइस आपल्याच जुन्या सुरावरून निघतो. दर वेळी पहिला मोकळा व्हॉइस देण्याची सोय असती, तर सुटे सूर वाजवताना मींड बरोबर आधीच्या सुरावरून आली असती.

पांढरी_चार, कोथरूड
अजिबात पटलं नाही. मींडीला मोनो मोड (एका वेळी एकच सूर) आहे की! 1970 च्या मिनीमूग सिंथमध्ये एकच व्हॉइस होता, त्यावर लोकांनी काय काय वाजवलं! मी ऑर्केस्ट्रात वाजवतो, मला संख्याच लागते. 64 व्हॉइस ऐकायला भरपूर वाटतात, पण चार थरांचा, म्हणजे चार आवाज एकावर एक रचलेला आवाज लावला की एका पट्टीला चार जातात, सूर उरतात सोळा. पेडल धरून दोन्ही हातांनी तीन कॉर्ड वाजवले की संपले.

काळी_दोन
आणि संपल्यावर कोणाचा सूर कापायचा, हेही वाटपच ना? बरेच सिंथ सर्वांत जुना सूर कापतात. जुना कोणता, तर डाव्या हाताने धरून ठेवलेला खर्जातला सा. गाण्याखालची जमीनच जाते. काही सिंथ सर्वांत खालचा सूर राखून ठेवतात. मला तसा हवा, मग व्हॉइस आठच असोत.

जोडतार, कर्वेनगर
दोघांचंही अर्धवट वाटतं. खरी अडचण 1983 पासूनच्या मिडीत, म्हणजे वाद्यांना एकमेकांशी जोडणाऱ्या डिजिटल संदेशांच्या पद्धतीत आहे. पिच बेंड (चाक फिरवून सूर वर-खाली सरकवणं) अख्ख्या चॅनलला, म्हणजे संदेशांच्या एका वाटेवरच्या सगळ्या सुरांना लागतो. सा धरा, ग वाजवून चाक फिरवा, सा पण सरकतो. आपल्या संगीतात हे चालणारच नाही. बोटागणिक दाब यामाहा सीएस-80 या सिंथमध्ये 1977 सालीच होता. बोटागणिक बेंडसाठी मिडीतच एमपीई (मिडी पॉलिफोनिक एक्स्प्रेशन) आलं, 2018 मध्ये ते मानक झालं. त्यात प्रत्येक सुराला वेगळं चॅनल. सिंथ घ्यायचा तर एमपीईवालाच.

पांढरी_चार
कीबोर्ड स्प्लिट करून, म्हणजे त्याचे दोन भाग करून, सा दुसऱ्या चॅनलवर टाका, झालं काम.

जोडतार
उजव्या हातात सा-ग-प धरून एकटा ग हलवायचा असेल तर? स्प्लिट कुठे करणार?

काळी_दोन
जोडतार, हे मान्य. पण वाटप तिथेही सुटत नाही. एमपीईच्या एका झोनमध्ये (चॅनलांच्या गटात) सुरांना जास्तीत जास्त 15 चॅनल मिळतात. पट्टी सोडली तरी सुराची शेपूट रेंगाळते. तेच चॅनल लगेच नव्या सुराला दिलं, तर नव्या बोटाची मींड जुन्या शेपटीलाही ओढत नेते. म्हणजे पोर्टामेंटोत मला नको असलेला फिरता क्रम इथे हवाच. म्हणून तर म्हणतो, वाटपाची पद्धत वाजवणाऱ्याला निवडता आली पाहिजे.

पांढरी_चार
शेपटीचं पटलं. मींडीला मोनोच, हे मत मात्र कायम. रविवारी तुमचा सिंथ घेऊन या, सा ते ध दोन्ही प्रकारे वाजवून ऐकू.