सायन्सच्या मुलांना इंग्रजी शब्दांच्या याद्या वाटून काय साधतं?

वाळवंटीकाठ:
मी उत्तर गोव्यातल्या एका कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवतो. (कॉलेजचं नाव विचारू नये, मलाही संसार आहे.) शेवटच्या वर्षाला प्रोजेक्ट रिपोर्ट इंग्रजीत लिहावा लागतो आणि पोरं नेटवरून उचलून चिकटवतात, म्हणून यंदा ‘शैक्षणिक इंग्रजी’ची कार्यशाळा ठेवली होती. बाहेरून तज्ज्ञ बोलावले. छापील यादी वाटली, प्रत्येक शब्दापुढे दोन-तीन समानार्थी शब्द. पॅराफ्रेझिंग म्हणजे काय, तर वाक्य घ्या, शब्द बदला, कर्तरीचं कर्मणी करा. चहा, सामोसा, सर्टिफिकेट, ग्रुप फोटो.

मग रिपोर्ट आले. एका मुलाचा विषय चांगला होता: पावसाळा सरताना आपल्या किनाऱ्याजवळच्या समुद्रातला ऑक्सिजन इतका का घटतो. दोनापावलच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेने यावर वर्षानुवर्षं काम केलंय, नक्वी आणि सहकाऱ्यांचा २००० सालचा ‘नेचर’मधला लेख तर जगभर वाचला गेला. गोष्ट थोडक्यात अशी. नैऋत्य मोसमी वाऱ्यांच्या दिवसांत खोलातलं, आधीच ऑक्सिजन कमी असलेलं पाणी किनाऱ्याच्या बाजूला वर सरकतं; यालाच ‘अपवेलिंग’ म्हणतात. त्याच्यावर पावसाचं आणि नद्यांचं गोडं पाणी पसरतं. ते हलकं, त्यामुळे वरच राहतं आणि भांड्यावर झाकण ठेवावं तसं खालच्या पाण्याला हवा लागू देत नाही. वर वाढलेलं प्लवक (पाण्यात तरंगणारे सूक्ष्म जीव) मरून खाली जातं, कुजतं, आणि उरलासुरला ऑक्सिजनही संपतो. मग तिथले जिवाणू नायट्रेटवर भागवतात आणि त्यातून नायट्रस ऑक्साइड बाहेर पडतो.

आमच्या मुलाने ‘अपवेलिंग’चं ‘अपरायझिंग’ केलं, म्हणजे समुद्रात उठाव. ‘कॉन्टिनेन्टल शेल्फ’चं, म्हणजे किनाऱ्यालगतच्या उथळ समुद्रतळाचं, ‘कॉन्टिनेन्टल रॅक’. आणि नायट्रस ऑक्साइडला ‘लाफिंग गॅस’! म्हणजे गोव्याच्या किनाऱ्याजवळ रॅकवर उठाव होतो आणि हसवणारा वायू सुटतो.

त्याला समोर बसवलं, म्हटलं इंग्रजी राहू दे बाजूला, मराठीत सांग, गोडं पाणी वर का राहतं? गप्प. माझं म्हणणं एवढंच. हा इंग्रजीचा प्रश्नच नाही. ज्याला गोष्ट कळलेली नाही त्याच्या हातात यादी दिली तर तो चुकीचे शब्द जास्त आत्मविश्वासाने वापरेल. या कार्यशाळा बंद करा.

हुमणभात:
सर, मी इंग्रजीच शिकवते, आणि सायन्सच्या वर्गालाच शिकवते. कार्यशाळा वाईट झाली हे मान्य. राग मात्र तुम्ही यादीवर काढताय.

तुमच्या हातात पडली ती यादी बहुधा ॲव्हरिल कॉक्सहेड यांच्या यादीवरून ओढलेली असणार. न्यूझीलंडच्या या बाईंनी सुमारे ३५ लाख शब्दांचं शैक्षणिक लेखन चाळून २००० साली ५७० शब्दकुलं (म्हणजे एक शब्द आणि त्याची सगळी रूपं) निवडली. मायकेल वेस्ट यांच्या १९५३च्या यादीतले रोजच्या वापरातले दोनेक हजार शब्द त्यांनी मुद्दाम वगळले. (हे वेस्ट ढाक्याला शिक्षणखात्यात होते. बंगालमधली मुलं इंग्रजी वाचताना कुठे अडतात ते बघूनच त्यांचं काम सुरू झालं.) उरलेली ५७० कुलं शैक्षणिक मजकुराचा जवळपास दहा टक्के भाग व्यापतात. त्या यादीत समानार्थी शब्दांचे रकाने नाहीत. ते कुणीतरी मागाहून जोडलेत, आणि तुमचा ‘रॅक’ तिथूनच आलाय.

आता मूल कुठे अडतं ते बघा. ‘मायटोकॉन्ड्रिया’ कुणालाच अडत नाही; तो तुम्ही शिकवता, फळ्यावर लिहिता, आकृती काढता. अडतात ते मधले शब्द, जे तुम्ही शिकवत नाही कारण ते सायन्सचे नाहीत, आणि मी शिकवत नाही कारण माझ्या अभ्यासक्रमात कविता आणि अर्ज असतात. ‘अट्रिब्यूट टू’, ‘कन्स्ट्रेन’, ‘व्हेअरॅज’. तीन नमुन्यांचे पीएच ६.२, ७.१ आणि ८.० ‘रिस्पेक्टिव्हली’ असं वाचून माझ्या वर्गातल्या हुशार मुलीने ‘अनुक्रमे’ऐवजी ‘आदरपूर्वक’ असा अर्थ लावला होता. तिला पीएच कळत नव्हता का? उत्तम कळत होता.

सत्तरी, डिचोली, पेडणे इथली पोरं चौथीपर्यंत मराठीत शिकतात आणि पाचवीत सगळे विषय एकदम इंग्रजीत येतात. तेव्हापासून हे मधले शब्द अंदाजाने वाचत आलेली असतात. ‘कळलेलं नाही’ म्हणून त्यांना मोडीत काढू नका.

वाळवंटीकाठ:
मोडीत कोण काढतंय बाई. पण कॉक्सहेडबाईंचेच आकडे पुढे वाचा. त्या यादीचा वाटा कॉमर्सच्या मजकुरात बारा टक्के आणि सायन्सच्या मजकुरात नऊच्या आसपास, चारही शाखांत सगळ्यात कमी. म्हणजे ज्यांना तिचा उपयोग सगळ्यात कमी, त्यांच्याच डोक्यावर ती मारायची. शिवाय ‘कन्स्ट्रेन’चा अर्थ पाठ करून कुणाला ते क्रियापद वापरता आलंय? कशासोबत येतं, पुढे काय लागतं, हे वाचून वाचून अंगवळणी पडतं. वाचायला लावा.

बुरशीवाला:
दोघेही मूळ रोगाला हात लावत नाही. मी पीएचडी करतोय, बुरशीवर. आमच्याकडे पॅराफ्रेझिंग समजण्यासाठी होत नाही, टक्का उतरवण्यासाठी होतं, म्हणजे दुसऱ्याच्या मजकुराशी सॉफ्टवेअरला दिसणारं साम्य कमी करण्यासाठी.

यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) २०१८च्या वाङ्मयचौर्याच्या नियमांत साम्य दहा टक्क्यांपर्यंत असेल तर दंड नाही. दहा ते चाळीसमध्ये प्रबंध दुरुस्त करून सहा महिन्यांच्या आत पुन्हा द्यायचा. साठच्या वर गेलं तर नोंदणीच रद्द. आता त्याच नियमांत काय वगळायचं तेही दिलंय: संदर्भसूची, श्रेय देऊन अवतरणात घेतलेला मजकूर, प्रमाणित समीकरणं, चिन्हं, आणि योगायोगाने जुळणारे सलग चौदा शब्दांपर्यंतचे तुकडे. हा भाग कुणी वाचत नाही. मार्गदर्शक सॉफ्टवेअरचा रिपोर्ट बघतात, जुळणारा मजकूर लाल दिसला की म्हणतात, ‘हे खाली आण.’ कुठलं लाल आणि का, हा प्रश्नच नाही.

मग पोरं काय करतात? पद्धतीचा भाग फिरवून लिहितात. ‘५००० आरपीएमला १० मिनिटं सेंट्रिफ्यूज केलं’ हे किती प्रकारे लिहिणार? ते तसंच असायला हवं, दुसऱ्याला तोच प्रयोग करता आला पाहिजे. मँचेस्टर विद्यापीठाने तर ठरावीक वाक्यसाच्यांचा अख्खा संग्रह सगळ्यांसाठी खुला ठेवलाय, ‘या अभ्यासातून असं दिसतं की’ या धाटणीचे. ते उचलणं म्हणजे चोरी नव्हे. कल्पना, निष्कर्ष, दुसऱ्याने केलेली मांडणी उचलली आणि नाव घेतलं नाही, तर चोरी. मग शब्द शंभर टक्के तुमचे असले तरी. ही गोष्ट कार्यशाळेत सांगितली होती का सर? पैज लावतो, नसणार.

आणि तुमच्या ‘लाफिंग गॅस’वाल्याला एकट्याला हसू नका. फ्रान्समधले गियोम कबानाक आणि सहकाऱ्यांनी २०२१मध्ये छापून आलेल्या शोधनिबंधांत असेच नमुने पकडले. आर्टिफिशियल इंटेलिजन्सचं ‘काउंटरफिट कॉन्शसनेस’, बिग डेटाचं ‘कोलॉसल इन्फर्मेशन’, ब्रेस्ट कॅन्सरचं ‘बूझम पेरिल’. नाव दिलं ‘टॉर्चर्ड फ्रेझेस’, छळलेले शब्दप्रयोग. सॉफ्टवेअरमध्ये मजकूर घालायचा, शब्द बदलून घ्यायचे, पाठवून द्यायचं. समीक्षकांच्या नजरेखालून गेलं आणि छापूनही आलं.

कदंबातून:
येवढी चर्चा कशाला, आता एआय आहे. परिच्छेद टाकला की सुंदर इंग्रजीत परत मिळतो, ‘रॅक’ वगैरे होत नाही.

बुरशीवाला:
होत नाही, खरंय. म्हणून जास्त धोक्याचं. ‘रॅक’ दिसला की परीक्षक थांबतो तरी. एआयने ‘सजेस्ट’चं (सूचित करतं) ‘शो’ (दाखवून देतं) केलं, किंवा ‘काही नमुन्यांत’ हे दोन शब्द गाळले, तर वाक्य इतकं गुळगुळीत असतं की कुणालाच खटकत नाही. ज्याने मूळ वाचलंय त्यालाच कळणार. तुम्ही वाचलेलं असतं का?

कदंबातून:
सीट मिळाली तर वाचतो.

पेडण्याचो:
मुळात सायन्स इंग्रजीतून का? शास्त्रज्ञ रघुनाथ माशेलकरांचा जन्म माशेलचा, शाळा मुंबईत मराठी, आणि हळदीच्या पेटंटसाठी अमेरिकेशी भांडून १९९७ला जिंकून आले. मराठीतून शिकवा, पॅराफ्रेझिंगची भानगडच राहणार नाही.

शेवटानाका:
मराठीतून की कोंकणीतून, पात्रांव? गोव्याच्या १९८७च्या राजभाषा कायद्यावर अजून चहाच्या गाड्यावर मारामाऱ्या होतात, तू थेट बी.एस्सी.पर्यंत पोचलास. आणि माशेलकरांनी पेटंटची लढाई मराठीत लढवली नव्हती. एक माशेलकर दाखवायचा आणि पाचवीत गळपटलेली बाकीची पोरं झाकायची, हा आपला जुना खेळ.

पेडण्याचो:
गळपटली ती इंग्रजीमुळेच ना? माझाच मुद्दा सांगतोयस.

वाळवंटीकाठ:
भाषावादासाठी वेगळा धागा काढा, हात जोडतो.

हुमणभात:
बुरशीवाल्यांनी ‘सजेस्ट’चं उदाहरण दिलं ते फार महत्त्वाचं, आणि माझ्याच बाजूचं आहे. ‘मे’, ‘लाइकली’, ‘टेंड टु’, ‘सजेस्ट’, ‘इंडिकेट’ हे शब्द मुलं पॅराफ्रेझ करताना सगळ्यात आधी टाकून देतात. त्यांना ती भरती वाटते. लेखकाने म्हटलेलं असतं, ‘शेतातून वाहून येणारं नायट्रेट हे याचं एक कारण असू शकेल.’ रिपोर्टमध्ये येतं, ‘शेतातल्या नायट्रेटमुळे हे घडतं.’ वाक्य छोटं, इंग्रजी शुद्ध, साम्य शून्य टक्के, आणि विधान खोटं. ज्याला शेतं, नायट्रेट, समुद्र सगळं कळतं, तोही हे करतो. इथे विषयज्ञान कामाला येत नाही सर, हे शब्दांचंच ज्ञान आहे.

मी वर्गात काय करते ते सांगते. एक परिच्छेद वाचायचा आणि कागद उलटा. शेजारच्याला मराठीत नाहीतर कोंकणीत सांगायचं. शेजाऱ्याने निदान एक ‘का?’ विचारायचा, त्याशिवाय सुटका नाही. मग मूळ न बघता, आठवतील ते चार मुद्दे टिपून, इंग्रजीत लिहायचं. शेवटी कागद सुलटा करून तीन गोष्टी ताडायच्या: आकडे आणि एककं, पारिभाषिक शब्द (ते मुळात आहेत तसेच हवेत), आणि लेखकाने खात्री किती दाखवली होती. शब्द किती बदलले ते मोजायचंच नाही. खाली लेखकाचं नाव आणि साल. यात यादी कुठे येते? तिसऱ्या पायरीला मूल अडतं तेव्हा. ‘यामुळे’ म्हणायचंय आणि त्याच्याकडे फक्त ‘बिकॉज ऑफ’ आहे. तेव्हा ‘रिझल्ट्स इन’ आणि ‘रिझल्ट्स फ्रॉम’ दिलं की लगेच रुजतं. एकाची दिशा दुसऱ्याच्या उलटी आहे, हेही त्याच वेळी त्याला दिसतं.

वाळवंटीकाठ:
हे मला पटतं, कारण यातली पहिली अर्धी पायरी माझीच आहे: मराठीत सांग. पण खरं सांगा, हे किती मुलांच्या वर्गात करता? आमच्याकडे प्रॅक्टिकलच्या बॅचेस, जर्नल तपासणं, मध्येच निवडणुकीची ड्युटी. मला विचाराल तर रिपोर्टच्या गुणांतले अर्धे गुण तोंडी परीक्षेला ठेवा, मातृभाषेत. सांगता आलं तर रिपोर्ट स्वीकारा, नाही आलं तर परत. नक्कल आपोआप बंद होईल, यादीही नको आणि सॉफ्टवेअरही नको.

हुमणभात:
साखळीला चालेल. वास्कोला या कधीतरी. माझ्या आधीच्या कॉलेजात एका बाकावर कन्नड, हिंदी, कोंकणी आणि मल्याळम असायचं. तोंडी कुठल्या मातृभाषेत घेणार? तुमच्या?

वाळवंटीकाठ:
शेजाऱ्याला कळेल त्या भाषेत. मला कळायची गरज नाही. एकाने सांगायचं, दुसऱ्याने ऐकून फळ्यावर आकृती काढायची: खोल पाणी कुठून आलं, गोडं पाणी कुठे राहिलं, ऑक्सिजन कुठे संपला. आकृती मला कुठल्याही भाषेत वाचता येते.

बुरशीवाला:
हे भारी आहे. आमच्या गाइडना सांगू का?

हुमणभात:
आकृती काढू दे, मी टाळ्या वाजवीन. पण आकृतीखाली जी ओळ लागते, ‘अमुक वाढल्याने तमुक घटत असावं’ अशी, ती इंग्रजीतच लिहावी लागणार आहे. त्या ओळीतलं ‘असावं’ तो कुठून आणणार ते सांगा, मग कार्यशाळा बंद करू.