मदत हवी आहे: खोकी उघडताना हात कापतात, कोणते हातमोजे घ्यावेत?

पुण्यातल्या एका किराणा सुपरमार्केटमध्ये माल लावणाऱ्या मुलामुलींचं काम मी बघते. कटरने खोकी उघडताना पातं घसरतं ते नेमकं खोकं धरलेल्या हातावर. अंगठा आणि तर्जनीच्या मधली जागा सारखी कापली जाते. परवा एकीला टाके घालावे लागले, फार वाईट वाटलं.

ठिपकेवाले सुती मोजे देऊन पाहिले, पातं आरपार जातं. जाड रबरी लेपाचे दिले तर हात घामाने भिजतो, बारकोड मशीनची स्क्रीन बोटाला दाद देत नाही, मग मुलं ते काढूनच ठेवतात. पातं आपोआप आत जाणारे कटर आणलेत, त्याने बराच फरक पडला. पण मोजे हवेतच.

ईएन ३८८ या हातमोज्यांच्या युरोपीय मानकात कापण्याला होणारा प्रतिकार ए ते एफ असा मोजतात. सी म्हणजे मोजा कापायला पात्यावर किमान १० न्यूटन जोर लागतो, डी म्हणजे १५. आमच्याकडे चिकन-मटणाचं काउंटर नाही, त्यामुळे धातूच्या कड्यांच्या साखळीचे मोजे नकोत. जोडीमागे ३०० रुपयांपर्यंत मंजुरी आहे आणि मोजे धुता आले पाहिजेत.

ज्यांनी रोजच्या कामात वापरलेत त्यांनी सांगा: खोक्यांसाठी सी पुरतो की डीच घ्यावा, आणि कोणत्या लेपाचे मोजे घालून टचस्क्रीन नीट चालते?