मदत हवी आहे: सिसिफस कूलिंगमध्ये पंपिंग माथ्यावरच का होतं?

मंडळी, लेझर कूलिंगमधला (म्हणजे लेझरने अणूंचा वेग कमी करून त्यांना थंड करणं) डॉपलरचा भाग कळला, लेझरची फ्रिक्वेन्सी रेझोनन्सच्या (अणू ज्या फ्रिक्वेन्सीला प्रकाश सर्वात जास्त शोषतो तिच्या) जराशी खाली ठेवायची म्हणजे जो अणू लेझरच्या दिशेने येतोय तोच प्रकाश जास्त शोषतो आणि सोडियमचा वेग दर फोटॉनमागे सेकंदाला साधारण ३ सेंटीमीटरने घटतो, भारीच आयडिया आहे राव! पण या हिशोबाने सोडियम २४० मायक्रोकेल्विनच्या खाली जायलाच नको आणि १९८८ मध्ये भौतिकशास्त्रज्ञ विल्यम फिलिप्सच्या टीमला ४० च्या आसपास मिळालं. याचं उत्तर सिसिफस कूलिंग, आणि तिथेच गाडी अडलीये. अणू पोटेन्शियलचा चढ चढतो, वेग कमी होतो, मग ऑप्टिकल पंपिंगने (प्रकाश शोषून-सोडून एका अवस्थेतून दुसरीत जाणं) दुसऱ्या सबलेव्हलच्या (अणूच्या ऊर्जापातळीतल्या उप-पातळीच्या) तळाशी येतो, इथपर्यंत ठीक. पण पंपिंग नेमकं माथ्याजवळच जास्त का होतं? तिथल्या प्रकाशाच्या पोलरायझेशनमुळे (प्रकाशलहरीच्या कंपनाच्या दिशेमुळे) का? कोणी आकृती काढून समजावेल का प्लीज?