'रिस्पेक्ट' म्हणजे आदर? मग टॉवेल-टोपी पण आदरच

चाफेकळी:
मंडळी, अडलंय. ऊस खरेदीच्या साखळीतल्या मजुरांसाठीची एक प्रश्नावली मराठीत करतेय. मूळ वाक्याचा अर्थ असा की कंपनीने मानवी हक्क 'रिस्पेक्ट' करावेत. मी आपलं सरळ 'हक्कांचा आदर करावा' लिहिलं आणि फडात जाऊन वाचून दाखवलं, तर एक ऊसतोड बाई म्हणाली, "आदर केला की. मोळी टाकली तवा मुकादमाला टावेल-टोपी दिली, नारळ दिला." माझी बोलती बंद. दुसरा शब्द सुचवा. आणि 'ड्यू डिलिजन्स'ला पण (आपल्यामुळे कुणाच्या हक्काला धक्का लागतोय का हे कंपनीने स्वतः तपासत राहणं).

खडीसाखर:
बाई बरोबर बोलली! आदर आपण वडीलधाऱ्यांचा करतो, हक्कांचा कसला. 'हक्क जपणे' घ्या.

रिकामटेकडा:
जपणे नको. २०११ ला युनोच्या मानवी हक्क परिषदेने जी ३१ तत्त्वं मान्य केली (जॉन रगी यांनी मांडलेली) त्यात संरक्षण हे सरकारचं काम आहे, कंपनीचं काम रिस्पेक्ट, म्हणजे दुसऱ्याच्या हक्काला धक्का लावू नका आणि लागला असेल तर निस्तरा. जपणे म्हटलं की सरकारचं ओझं कंपनीवर जातं. 'हक्कांना बाध न आणणे' म्हणा.

खडीसाखर:
बाध? फडात बाध कोणाला कळणारे. 'हक्क तुडवू नये' म्हणा की, पायमल्ली शब्द आहेच आपला, पाय + मळणे.

रिकामटेकडा:
पायमल्ली फारसी आहे हो, पायमाल वरून. मळण्याशी संबंध नाही.

खडीसाखर:
आमची आजी खळ्यावर बैलांच्या पायाखाली धान्य मळायची, ती काय फारसी शिकली होती का?

सीए_सातारकर:
मूळ प्रश्नाकडे या. ड्यू डिलिजन्सला आमच्या हापिसात कोणी मराठी शब्द वापरत नाही, 'डीडी झाली का' एवढंच. सरकारी मराठीत 'यथोचित तत्परता' वगैरे लिहितील, वाचणारा झोपेल. 'शहानिशा' चालेल का? फक्त शहानिशा एकदा करून मोकळं होतो माणूस, इथे दरवर्षी करायचीय, त्यात मुकादमापर्यंत खाली उतरायचंय. आणि एक, क्लायंटला मानवी हक्क म्हटलं की तो सीएसआरची, म्हणजे कंपनीच्या समाजकार्याची, फाइल काढतो, शाळेला दप्तरं वाटल्याचे फोटो. अहो ते २०१३ च्या कंपनी कायद्यातलं २ टक्क्यांचं, नफ्यातून द्यायचं. हे नफा कमावतानाचं आहे!

चाफेकळी:
हे 'कमावतानाचं' भारी आहे, चोरते. पण शेअर बाजारावर लक्ष ठेवणाऱ्या सेबीचा तो जबाबदार व्यवसायाचा रिपोर्ट तर भरतात ना, त्यात मानवी हक्कांचं तत्त्व आहे?

सीए_सातारकर:
आहे, पाचवं. पण तो बाजारमूल्याने वरच्या १००० लिस्टेड कंपन्यांना. आपले बरेच कारखाने सहकारी, त्यांना कुठली सेबी. शिवाय मजूर मुकादमाचा, म्हणजे टोळी आणणाऱ्या ठेकेदाराचा, कागदावर कारखान्याचा नाहीच, म्हणून जबाबदारी कुणाची हेच ठरत नाही.

निवडुंग:
जबाबदारी म्हणजे जबाब देणं, मूळ अर्थ सुंदर आहे, उगाच उत्तरदायित्व कशाला. मी माजलगावकडचा, आमच्यात नवरा-बायको मिळून एक 'कोयता', एकटा असला तर 'अर्धा कोयता'. माणसं मोजताना हत्यार मोजतात, मग त्या प्रश्नावलीत 'व्यक्ती' लिहिलंत तर बाई म्हणेल मी अर्धी. उचल नवऱ्याच्या हातात, अंगठा त्याचा, फिटली नाही तर पुढच्या सालीही दोघांनी जायचं. आणि एक दिवस आजारी पडलं तर खाडा, खाड्याचे पैसे कापून वर शिव्या. याला तुम्ही शहरात काय म्हणता?

रिकामटेकडा:
वेठबिगार. १९७६ चा कायदाच आहे. गंमत म्हणजे वेठ संस्कृत विष्टीवरून आणि बिगार फारसी, दोन्हीचा अर्थ तोच.

निवडुंग:
गंमत तुम्हाला. आमच्यात वेठबिगार म्हटलं तर मुकादमाला राग येतो आणि मजुरालाही, तो म्हणतो मी उचल घेतलीय, फुकट नाही राबत.

खडीसाखर:
मग प्रश्नावलीत 'उचल'च ठेवा, 'अग्रिम' लिहू नका हात जोडते.

चाफेकळी:
अग्रिम लिहिलं होतं :( बदलते. पण आदरचं काय करू?

निवडुंग:
'कारखान्यामुळं तुमचं काय नुकसान झालं का, झालं तर कुणाला सांगता', असं विचारा. आणि जनावरांच्या वैरणीचं ते 'वाढं' लिहिलंय का तुम्ही? बाया ते विकून भाजीपाल्याचं भागवतात, ते कोण घेतं हे पण विचारा.

सीए_सातारकर:
वाढं का वाडं? आमच्याकडे वाडं म्हणतात.

निवडुंग:
वाढं. उसाच्या वाढीचा शेंडा तो.

खडीसाखर:
सातारकरांचं बरोबर, वाडं. वाढीचा काय संबंध, उगाच व्युत्पत्ती चिकटवताय.