चाकावरच्या भांड्यांचा तळ वाळताना का तडकतो?

प्रश्न : आमच्या सामायिक मातीकाम कार्यशाळेत मी प्रौढ नवशिक्यांना चाकावरचे काम शिकवते. भांडी भट्टीत जाण्यापूर्वी, वाळत असतानाच, अनेकांच्या वाडग्यांच्या तळाला एस आकाराची भेग पडते. शिकवण्यात काय बदल करावा?

उत्तर १ : बाजू ओढून वर घेताना तिथली माती दाबली जाते, तळाची मात्र सैलच राहते आणि वाळताना अधिक आकसते. म्हणून भांडे उघडल्याबरोबर, म्हणजे मातीच्या गोळ्यात मधोमध खळगा केल्याबरोबर, मध्यापासून कडेकडे आणि परत मध्याकडे बोटांनी तळ घट्ट दाबण्याची सवय पहिल्याच तासाला लावावी. आपले पारंपरिक कुंभार चाकावरून उतरवलेले मडके आतून दगडाचा आधार देऊन बाहेरून थापीने ठोकतात, त्यानेही माती अशीच घट्ट होते. हे विद्यार्थ्यांना प्रत्यक्ष दाखवता आले तर फार उत्तम.

उत्तर २ : तळात साचलेले पाणी स्पंजने टिपायला शिकवा. काठ आधी आणि तळ नंतर वाळला की ताण येतो. त्यामुळे भांडे प्लॅस्टिकखाली सावकाश वाळवावे आणि काठ पेलवेल इतका घट्ट होताच पालथे घालावे.

उत्तर ३ : वरील दोन्ही उत्तरांशी सहमत आहे, पण माझ्या मते चाकाची घाईच मुळात नको. आधी चिमटीने वाटी घडवू द्यावी, म्हणजे जाडी बोटांना कळते. शिवाय सामायिक जागेत वाळलेली माती झाडू नये, ओल्या फडक्यानेच पुसावी, कारण तिच्यातील सिलिकाची धूळ फुप्फुसांना कायमची इजा करते.